काळ्या मातीतील मूळभाज्यांची धुलाई आणि धुण्याचे यंत्र

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेवाडी, सणसर, भवानीनगर हा सलग बागायती टापू लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी येथे आले आणि पुढे साखर कारखान्यांमुळे ऊस हेच या टापूचे मुख्य पीक ठरले. तथापि उसाचे पैसे हाती येण्यास वर्ष–दीड वर्ष लागते. मधल्या काळात घरखर्चाला आधार म्हणून दहा–वीस गुंठ्यांवर गाजर, मुळा, बीट किंवा रताळे घेणे शेतकऱ्यास परवडते. मुळा दीड महिन्यात आणि गाजर तीन–साडेतीन महिन्यांत काढणीस येते. अडचण उद्‌भवते ती पीक निघाल्यावर. येथील जमीन भारी व काळी असल्याने जमिनीतून उपटलेले गाजर मातीच्या जाड लेपासह वर येते. पुण्याच्या बाजारात असा माल उतरला की, व्यापारी मातीचे वजन धरून भाव पाडतो, आणि वाहतुकीचे भाडे मात्र मातीसह संपूर्ण वजनावर द्यावे लागते.

माल धुऊन पाठवावा, हा यावर उघड उपाय होय. परंतु धुलाईचे काम आजवर बहुधा स्त्रियांच्या वाट्याला आलेले आहे. गाजराचा हंगाम थंडीचा असतो. पहाटे किंवा रात्री हौदाच्या कडेला बसून एक–एक गाजर हाताने चोळावयाचे, अथवा गोणपाटावर पसरून पायांनी घोळावयाचे, हे काम तासन्‌तास करणाऱ्या भगिनींचे हात भेगाळतात व कंबर धरते. मजूर न मिळाल्यास माल शेतात राहून राठ होतो. या कष्टांतून सुटका करणारे यंत्र असू शकते, व ते फारसे अवघडही नाही. मात्र ते कसे असावे, कसे नसावे, आणि यंत्रापूर्वी कोणती कामे शेतातच उरकावयाची असतात, हे नीट समजून घेतले नाही, तर चांगले पीक यंत्रात घालून खराब करून घेण्याचा प्रसंग येतो.

माती चिकटते का?

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण अत्यंत बारीक व चपटे असतात. पाणी मिळताच ही माती फुगते, आणि एका विशिष्ट ओलीला तिचा चिकटपणा कमालीचा वाढतो. त्याहून कोरडी असता ती ढेकळे होऊन सुटते. त्याहून अधिक पातळ झाली म्हणजे वाहून जाते. त्रास होतो तो मधल्या अवस्थेत. आषाढात तुकोबारायांच्या पालखीपुढे काटेवाडीचे परीट बांधव धोतरांच्या शुभ्र पायघड्या अंथरतात. काळ्या मातीचा डाग कापडातून काढण्यास किती खटपट पडते, हे त्या गावास नव्याने सांगावयास नको. गाजराच्या सालीवरही तीच माती असते, फरक इतकाच की सालीला कापडाप्रमाणे आपटून चालत नाही.

म्हणून धुलाईचे निम्मे काम काढणीची वेळ साधण्यात आहे. काढणीपूर्वी हलके पाणी द्यावे आणि जमीन वाफशावर येऊ द्यावी. वाफसा आला की नाही हे पाहण्यास चिमूटभर माती दोन बोटांत वळून पाहावी. तिची दोरी वळली जात असेल, तर ओल अद्याप जास्त आहे. दोरी न होता माती भुसभुशीत सुटली, तर काढणीस हरकत नाही. ओल्या रानात घाईने उपटलेल्या गाजराला बसलेला लेप यंत्रातही लवकर सुटत नाही, आणि पूर्ण कोरड्या रानात मुळे मध्येच तुटतात. उपटल्यावर दोन–दोन मुळे हलकेच एकमेकांवर टेकवून किंवा झटकून माती जेथल्या तेथे पाडावी. शेतात पडलेली माती शेताचीच राहते. हौदात गेलेली माती मात्र पुन्हा उपसून आणावी लागते.

फाटे फुटलेल्या गाजराच्या बेचक्यात अडकलेला चिखल कोणतेही यंत्र पूर्णपणे काढू शकत नाही. अशी गाजरे कमी निघावीत यासाठी भारी जमिनीत उंच वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर पेरणी करावी, आणि शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे.

पिंपाचे यंत्र

मूळभाज्या धुण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाते ते फिरत्या पिंपाचे यंत्र होय. आडव्या आसावर बसविलेले, अंगाला फटी असलेले पिंप संथपणे फिरते. आतील माल एकमेकांवर घोळला जातो. त्यावर पाण्याचे फवारे पडतात. सुटलेली माती फटींतून खाली जाते. घर्षण मुख्यतः मालाचे मालाशी व्हावे, लोखंडाशी नव्हे, हे या यंत्राचे मर्म आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मूळभाज्या व हळद यांसाठी याच तत्त्वावर धुण्याची यंत्रे विकसित केली आहेत. महाराष्ट्रात गाजरासाठी ओळखल्या जाणाऱ्या सांगली जिल्ह्यातील कवलापूरसारख्या गावांनाही अशा साधनाचा उपयोग उघड आहे.

पिंपाचा वेग ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे, आणि नेमकी तीच गावठी बनावटीत चुकते. दोनशे लिटरच्या नेहमीच्या पिंपाएवढे, म्हणजे सुमारे ५८ सेंटिमीटर व्यासाचे व ८८ सेंटिमीटर लांबीचे पिंप घेतले, तर मिनिटाला सुमारे ५५ फेऱ्यांना आतील माल पिंपाच्या अंगाला चिकटून गोल फिरू लागतो. मग तो घोळलाही जात नाही व धुतलाही जात नाही. त्याच्या थोड्या खालच्या वेगाला माल वरपर्यंत चढून तेथून आदळतो, व गाजरे तडकतात. मिनिटाला १५ ते २० फेऱ्या हा वेग योग्य. त्यात माल थोडा वर चढून अंगावरून घसरत खाली येतो. विजेची साधी मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. तिचा वेग २० वर आणावयाचा म्हणजे बहात्तर पटीने कमी करावा लागतो. एकाच लहान–मोठ्या पुलीच्या जोडीने हे साधत नाही. पहिली जोडी आठपट व दुसरी नऊपट अशी दोन टप्प्यांची रचना करावी, किंवा वेग कमी करणारी गिअरपेटी बसवावी. एवढ्या लहान पिंपास एक अश्वशक्तीची मोटार पुरते. विजेचा भरवसा नसेल तेथे सायकलच्या पायडलवरही हे यंत्र चालते: पायडलकडे लहान दंतचक्र व पिंपाकडे त्याच्या तिप्पट दातांचे मोठे चक्र ठेवल्यास, मिनिटाला साठ वेळा पाय फिरविणाऱ्यास पिंपाच्या वीस फेऱ्या मिळतात.

पिंप एकतृतीयांशाहून अधिक भरू नये. एवढ्या आकारात सुमारे ४० किलो गाजर मावते. भरणे, चार–पाच मिनिटे फिरविणे व काढून घेणे मिळून एका घाण्यास आठ–नऊ मिनिटे धरली, तर तासाला सहा–सात घाणे, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास माल निघतो. माल स्वच्छ झाला की पिंप लगेच थांबवावे. "आणखी थोडे फिरू द्या, चकाकी येईल" असे म्हणणारे असतातच. परंतु त्या चकाकीबद्दल पुढे सांगितले आहे, ते वाचून मग ठरवावे.

बनविताना होणाऱ्या चुका

जुने लोखंडी पिंप आणून त्याला छिद्रे पाडणे हा गावातील कारागिराचा पहिला विचार असतो. त्यात दोन धोके आहेत. ज्या पिंपात पूर्वी कीटकनाशक, रसायन किंवा तेल भरलेले होते, ते कितीही धुतले तरी खाण्याच्या वस्तूस वापरणे योग्य नाही. दुसरे असे की, बाहेरून आत छिद्र पाडले म्हणजे आतल्या बाजूस पत्र्याची धारदार कड उभी राहते. हाताला ती सहज जाणवत नाही, पण गाजराच्या सालीवर शेकडो बारीक चिरा पडतात, आणि याच चिरांतून दुसऱ्या दिवशी कूज सुरू होते. त्याऐवजी दोन बाजूंना गोल चकत्या घेऊन त्यांवर लांबीच्या दिशेने गोलाईच्या कडा असलेल्या पट्ट्या किंवा नळ्या बसविलेले पिंप करावे. दोन पट्ट्यांमधील फट आठ–दहा मिलिमीटरहून अधिक नसावी, नाहीतर गाजराची टोके फटीत अडकून मोडतात. मालाशी संबंध येणारा भाग न गंजणाऱ्या पोलादाचा असल्यास उत्तम. जस्ताचा मुलामा दिलेलाही चालतो. त्यावर रंग देऊ नये.

याहून अधिक सामान्य चूक म्हणजे हळदीला पॉलिश करण्याच्या ड्रममध्ये गाजर घालणे. सांगली, सातारा भागात हे ड्रम घरोघरी परिचित आहेत, आणि बाहेरून पाहता दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात. परंतु हळदीच्या ड्रमची आतील जाळी मुद्दाम खरखरीत असते, कारण उकळून वाळविलेल्या हळकुंडाची वरची खपली घासून काढणे हेच तिचे काम. कोवळ्या गाजराची त्या जाळीत चाळण होते. उलटपक्षी, धुण्याच्या गुळगुळीत पिंपात हळद पॉलिश होत नाही. दोन कामांस दोन पिंपे हवीत. सांगाडा, मोटार व पुल्या मात्र एकच ठेवून नुसती पिंपे बदलता येतात, आणि तशी सोय सुरुवातीसच करून घेतल्यास पैसा वाचतो.

आल्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. आल्याच्या गड्ड्याला बोटे असतात व ती पिंपात मोडतात. यास्तव सातारी आल्याच्या भागात गड्डे जाळीवर एका थरात पसरून एचटीपी पंपाच्या धारेने धुण्याची पद्धत सोयीची पडते. धार फार जवळून मारल्यास साल सोलून निघते. नळी हातभर दूर धरावी आणि एका जागी रोखून न ठेवता फिरवीत राहावी. रताळ्याची साल सर्वांत नाजूक. ते पिंपात घालावयाचे झाल्यास दोन मिनिटांवर ठेवू नये. बटाटा साठवावयाचा असेल तर मुळीच धुऊ नये, आणि कांद्याला तर पाणी लागू देण्याचा प्रश्नच येत नाही.

पाणी

यंत्रापेक्षाही अवघड प्रश्न पाण्याचा आहे. पिंपातून निघालेले गढूळ पाणी टाकून द्यावे, तर दर घाण्यास नवे पाणी लागते, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याजवळ तेवढे पाणी नसते. तेच पाणी फिरवून वापरावे, तर शेवटी चिखलानेच चिखल धुतल्यासारखे होते. मध्यम मार्ग असा की, पहिली धुलाई वापरलेल्या निवळ पाण्याने करावी आणि शेवटची एक मिनिट फवारणी नेहमी स्वच्छ, ताज्या पाण्याने करावी. हेच शेवटचे पाणी खालच्या हौदात जमा होऊन पुढच्या घाण्यास पहिले पाणी म्हणून उपयोगी पडते.

गढूळ पाणी निवळण्यासाठी एकापुढे एक असे तीन हौद करावेत. वाळू व जाड गाळ पहिल्या हौदात बसतो. परंतु चिकणमातीच्या बारीक कणास स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली बसण्यास सात–आठ तास लागतात, म्हणजे रात्रभर पाणी स्थिर राहिल्याशिवाय ते निवळत नाही. घाई असल्यास शंभर लिटर पाण्यास पाच ते दहा ग्रॅम तुरटी विरघळवून घालावी व ढवळावे. कण एकत्र येऊन लवकर बसतात. कालव्याच्या लाभक्षेत्रात जेथे जमिनी चोपण झाल्या आहेत, तेथील मातीचा अनुभव निराळा आहे. ती पाण्यात एकदा मिसळली की, दिवसभर ठेवली तरी पाणी गढूळच राहते, कारण तिच्यातील सोडियममुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. अशा शेताचा माल असेल तर तुरटीवाचून गत्यंतर नाही, आणि मुळात काढणीच्या वेळी माती झटकण्यावर अधिक भर द्यावा.

गाजर व मुळा कच्चा खाल्ला जातो. ओढ्याचे, गटार मिसळलेले किंवा जनावरे बसत असलेल्या डबक्याचे पाणी वापरल्यास यंत्राने माती निघेल, परंतु रोगाचे जंतू मात्र सर्व मालास सारखे लागतील. एरवी एका गाजरापुरता राहिला असता, तो दोष पाण्यामुळे चाळीस किलोंच्या घाण्यात पसरतो. शंका असल्यास स्वच्छ पाण्यात विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, शंभर लिटरला ३० ते ४० ग्रॅम या प्रमाणात घालून त्यात धुतलेला माल एक–दोन मिनिटे बुडवावा आणि नंतर पिण्याच्या पाण्याने खळबळून काढावा. गढूळ पाण्यात ही पावडर घालणे व्यर्थ होय. मातीतच तिची शक्ती संपते.

रोगाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष पुरवावे. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी व आल्याची कंदकूज हे दोन्ही रोग मातीतून पसरतात. गावात एकच यंत्र असले की, एका शेताची माती व पाणी दुसऱ्याच्या मालास लागते. पुढे तोच गाळ खत म्हणून कोणी उचलून शेतात टाकला, तर रोगाने गावात घर केलेच म्हणून समजावे. ज्या शेतात गाठी किंवा कूज दिसली, तेथील माल सर्वांत शेवटी धुवावा, त्याचा गाळ त्याच शेतकऱ्याने परत न्यावा, आणि ते पाणी कालव्यात, चारीत वा विहिरीत कदापि सोडू नये.

धुतल्यानंतर

मातीच्या लेपाखाली गाजर जितके टिकते तितके धुतल्यावर टिकत नाही. साल उघडी पडते, तिच्यावर ओल राहते आणि वारा लागताच ती सुकू लागते. म्हणून जो माल त्याच रात्री बाजारास जावयाचा आहे, तेवढाच धुवावा. धुतलेला माल उन्हात वाळत घालू नये. सावलीत, जाळीच्या तळाच्या क्रेटमध्ये पाणी निथळू द्यावे. गोणीत ओला माल दाबून भरला की आतल्या आत तापतो.

आता चकाकीविषयी. युरोपातील मोठ्या कारखान्यांत पिंपानंतर ब्रशाच्या रुळांवर गाजरे घासून आरशासारखी चकचकीत करतात. परंतु तेथे त्यापाठोपाठ ती बर्फासारख्या थंड पाण्यातून जातात आणि शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास, दमट हवेच्या शीतगृहात राहतात. साल अधिक घासली गेलेली गाजरे साध्या हवेत ठेवली, तर सुकताना त्यांच्यावर पांढुरका थर येतो आणि ग्राहक त्यांना शिळी समजतो. शीतगृहाची सोय नसलेल्या शेतकऱ्याने चकाकीच्या मागे लागणे म्हणजे संध्याकाळच्या भावासाठी सकाळचा भाव घालविणे होय. थंड पाण्यात बराच वेळ भिजलेले गाजर फुगून ताठ होते व थोड्या उंचीवरून पडले तरी तडकते. भिजवणी पंधरा–वीस मिनिटांपुरतीच ठेवावी, आणि पिंपाच्या तोंडाखाली पाण्याने भरलेले टब ठेवून माल पाण्यातच उतरवून घ्यावा.

यंत्र कोणी घ्यावे?

एका एकरात आठ ते दहा टन गाजर येते. तासाला अडीचशे किलोच्या हिशेबाने ते धुण्यास बत्तीस ते चाळीस तास पुरतात. दहा गुंठे करणाऱ्याचे काम आठ–दहा तासांत संपते, व उरलेले वर्षभर यंत्र गोठ्याच्या भिंतीशी गंजत पडते. म्हणून एकट्या लहान शेतकऱ्याने हे यंत्र विकत घेण्याचे कारण नाही. पाच–सहा कुटुंबांनी, महिला बचत गटाने किंवा गावातील अवजारे बँकेने ते घ्यावे, आणि पेरणीच्या वेळीच आठ–आठ दिवसांच्या अंतराने पाळ्या ठरवाव्यात. सर्वांची काढणी एकाच आठवड्यात आली तर यंत्र असूनही हौदाच्या कडेची रांग तशीच राहील. बचत गटाने घेतल्यास एक अधिक लाभ असा की, ज्यांचे हात आजवर थंड पाण्यात होते त्यांच्याच हाती यंत्राचे भाडे येते.

मोटारीच्या जोडणीत काटकसर करू नये. ओल्या जागेत, ओल्या हातांनी काम चालते. म्हणून भूसंपर्क पक्का असावा, गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवावा, आणि बटण पाणी उडणार नाही अशा उंचीवर ठेवावे. पट्टा व पुल्या यांवर जाळीचे आच्छादन हवेच, कारण काम करणाऱ्या भगिनींच्या साडीचा पदर त्यात जाण्याचा धोका असतो. पिंप फिरत असताना अडकलेले गाजर हाताने काढू नये, मग घाणा कितीही घाईचा असो. काम संपल्यावर फटींतील चिखल वाळण्यापूर्वीच पाण्याच्या धारेने काढून टाकावा; वाळलेली काळी माती दुसऱ्या दिवशी खरवडून काढावी लागते, व खरवडताना पट्ट्यांच्या कडांना पुन्हा धार येते. बेअरिंगला वंगण द्यावे, हौद रिकामे करावेत आणि पिंप उलटे करून सावलीत निथळत ठेवावे.